आधी विचारा, मग टेंट ठोका : परळी खोऱ्यातला मुक्काम, तरव्यावरची चूल आणि पातेल्यातली कॉफी

उरमोडीकाठ :

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो, परवाच्या शनिवारी परळी खोऱ्यात टेंट टाकून एक रात्र राहून आलो आणि सगळं डोक्यात ताजं आहे तोवर टाकतो. आम्ही चौघं, दोन टेंट, सज्जनगड समोर आणि खाली उरमोडी धरणाचं पाणी. जेवण साधंच, ज्वारीची भाकरी, पिठलं, तव्यावरचा ठेचा, भाजलेलं वांगं, आणि सकाळी कॉफी. पण त्याआधी तीन वर्षांपूर्वीचं सांगतो कारण त्याशिवाय बाकीचं का केलं ते कळणार नाही.

तेव्हा आम्ही चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर राहिलो होतो, पवनचक्क्यांच्या पलीकडं. कुणाला विचारलं नव्हतं, मोकळं रान आहे म्हणजे कुणाचंच नाही असं वाटलेलं. ओढ्यातले तीन गुळगुळीत दगड आणून चूल मांडली. अर्ध्या तासानं त्यातला एक दगड फटाक्यासारखा फुटला, कपची मित्राच्या नडगीला लागली आणि निखारे उडून वाळक्या गवतात पडले. वारा होताच. पाण्याचे दोन कॅन आणि भिजवलेलं घोंगडं घेऊन आम्ही बडवून बडवून विझवलं, दहा बाय दहाचा काळा तुकडा राहिला. वणवा झाला नाही एवढंच. पुढच्या सप्टेंबरात मी मुद्दाम तिथं गेलो. आजूबाजूला गेंद, सीतेची आसवं, तेरडा, नुसता गालिचा, आणि मधे तेवढा तुकडा उघडा कातळ. सड्यावर माती बोटभर, कुठं तर तेवढीपण नाही, त्यातच बी आणि कंद उन्हाळाभर पडून असतात. आपण रात्री दोन तास शेकत बसतो आणि ते भाजून निघतं. मला ते बघून फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

तर यावेळी आधी गावात गेलो. पारावर एक म्हातारे आबा बसले होते, त्यांना रामराम घालून सांगितलं की आबा एक रात्र राहायचंय, दारूबिरू काही नाही, जागा दाखवाल का. आबांनी कुठले, कुणाचे, किती जण सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "ऱ्हावा की, पन गंजीच्या अंगाला जाळ नगं." मग स्वतः काठी टेकत आले. आम्हाला पाण्याच्या अगदी काठाला राहायचं होतं, तर म्हणाले तिथं नको, पहाटं गारठा सगळा खाली उतरतोय आणि कापडं भिजत्यात. त्यांनी वरच्या अंगाचं भाताचं खाचर दाखवलं. जानेवारीत ते रिकामंच असतं. सपाट, गवत नाही, आणि बांध कमरेएवढा त्यामुळं वारा अडतो. इतकी चांगली जागा आम्ही आमच्या डोक्यानं शोधलीच नसती. चूल कुठं करू विचारलं तर खाचराच्या कोपऱ्यात बोट दाखवलं, "तरवा भाजतो तिथंच करा, ती जागा जाळ खाल्लेलीच हाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तरवा म्हणजे भाताच्या रोपांची जागा. पेरायच्या आधी उन्हाळ्यात तिथं शेणकूट, पालापाचोळा, डहाळ्या पसरून भाजतात, तण मरतं आणि रोप जोमानं येतं. म्हणजे दरवर्षी तिथंच जाळ होतो. आपल्या एका चुलीनं तिथं काही बिघडत नाही. हे मला आबांनी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं.

दगड यावेळी बांधावरचे कोरडे घेतले. ओढ्यातला, नदीतला दगड चुलीला कधीच घेऊ नका, आपल्या काळ्या दगडाला बारीक भोकं आणि भेगा असतात, त्यात पाणी मुरलेलं असतं, तापलं की त्याची वाफ होते आणि बाहेर यायला वाट नसली की दगड फुटतो. लाकूड आम्ही आबांकडनंच विकत घेतलं, बाभळीचं. निखारा बराच वेळ टिकतो तिचा. रानातलं काही तोडलं नाही.

कॉफीचं खाली लिहितो, जेवायला बोलावतायत.

पाटणखोरं :

आबांचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडंपण म्हातारी माणसं असंच बोलतात, दोन शब्दात विषय संपवतात. फोटो असतील तर टाका की राव.

शेतातला :

मी गावातला माणूस, ठोसेघरच्या बाजूचा, म्हणून दोन शब्द. विचारून आलात हे वाचून बरं वाटलं, खरंच. गेल्या वर्षी मार्चात एक मोठा ग्रुप येऊन आमच्या कुरणात राहिला, रात्री शेकोटी, सकाळी वर वर माती ढकलून निघून गेले. दुपारी वारं सुटलं आणि खालचा निखारा जागा झाला. माझ्या चुलत्यांची गवताची गंजी गेली, म्हणजे चार जनावरांचा पावसाळ्यापर्यंतचा चारा. नंतर विकत घ्यावा लागला. आणि बाटल्या फोडलेल्या, म्हशीचा खूर कापला त्यात. आम्ही कुणाला नाही म्हणत नाही हो, चहा पाजून जागा दाखवू, पण विचारा तरी. सातारच्या डोंगरात मोकळी वाटणारी प्रत्येक जागा कुणाची तरी आहे, एक तर खासगी, नाहीतर गायरान, नाहीतर देवाची, नाहीतर फॉरेस्टची.

विझवायचं तर माती टाकून विझत नाही, उलट मातीखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. पाणी ओता, काटकीनं ढवळा, परत ओता, आणि उलटा हात जवळ नेऊन बघा. धग लागली तर अजून विझलं नाही. हात लावता आला पाहिजे, मगच झोपा.

उरमोडीकाठ :

@शेतातला, दादा मनापासून धन्यवाद, आणि आम्ही तीन वर्षांपूर्वी तेच केलं असतं थोडक्यासाठी. उलट्या हाताचं लक्षात ठेवतो. यावेळी विझवायला वेगळं दहा लिटर पाणी ठेवलं होतं, त्याला हात लावायचा नाही असं ठरवून.

मिरजेचा_तंबोरा :

आमच्या सांगली साईडला दंडोबा डोंगर आहे, भोसे गावाजवळ, आणि तिकडं देवराष्ट्रे बाजूला सागरेश्वर. तिथं टेंट टाकता येईल का? सागरेश्वरला हरणं बघत रात्र काढायची खूप इच्छा आहे.

कासची_पायवाट :

@मिरजेचा_तंबोरा, सागरेश्वर अभयारण्य आहे, आपल्या मनानं तिथं रात्री राहायचं नाही आणि जाळ तर अजिबात नाही. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं ते जंगल, उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं माणसांनी उभं केलेलं, त्यात एक ठिणगी पडली तर काय राहील. दंडोबापण वनविभागाकडं आहे, आधी त्यांच्याशी बोला, दिवसा फिरून या. मुक्काम जवळच्या कुणाच्या तरी रानात करा, सांगलीकडं द्राक्षाचे, हळदीचे मळे आहेत, मालक ओळखीचा निघतोच.

तसंच वासोटा. बामणोलीतून बोटीनं शिवसागर ओलांडून जातात, परवानगी घेऊन, आणि संध्याकाळच्या आत परत. तो सगळा कोयना अभयारण्याचा आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिथं गवा आहे, अस्वल आहे, बिबट्या आहे. कास पठारावरपण मुक्काम नको, २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे आणि सातारकर ज्या कास तलावाचं पाणी पितात तो तिथंच शेजारी आहे.

अजून एक, गडावर चूल पेटवायच्या आधी वर कड्याकडं बघा. आग्या मोहोळ असेल तर धूर वर जातो आणि माश्या खाली येतात. पळायला जागा नसते कड्यावर. मी हे डोळ्यानं बघितलंय, एका मुलाला झोळी करून खाली आणायला लागलं होतं.

डोंगरात_रात्र :

सगळं पटतंय पण थोडं वेगळं मत. शेकोटीशिवाय डोंगरातली रात्र ही रात्रच नाही असं मला मनापासून वाटतं. गप्पा जाळाभोवतीच होतात, छोट्या गॅसच्या निळ्या फुफाट्याभोवती कोण बसणार? आमचे वडील मेंढरांमागं डोंगरात राहायचे, रोज तीन दगडावरच भाकरी, त्यांनी कुठं डोंगर जाळले?

उरमोडीकाठ :

@डोंगरात_रात्र, तुमचं म्हणणं मी पूर्ण समजू शकतो, आणि मीही चूल केलीच की. पण तुमच्या वडिलांचं आणि माझं एकच नाही. मेंढरामागचा माणूस त्याच वाड्यावर, त्याच तीन दगडावर, दरवर्षी, आणि त्याला वारं कुठनं फिरणार ते दुपारीच कळतं. मी शनिवारी येणारा, मला काही कळत नाही. त्यामुळं मी माझ्यापुरतं ठरवलंय, सड्यावर आणि वाळल्या गवतात फक्त छोटा गॅस स्टोव्ह, चूल फक्त ज्याची जमीन आहे त्यानं दाखवलेल्या जागी, आणि होळीनंतर चूल नाहीच. गप्पांचं म्हणाल तर आम्ही जेवण झाल्यावर चूल विझवली, दिवे बंद केले, आणि मग समोर सज्जनगड, वर चांदण्या. दोन तास कुणी उठलं नाही.

चूलवाली :

मी यातली नाही, टेंटमधे कधी झोपले नाही, पण चुलीवर तीस वर्षं केलंय म्हणून विचारते, भाकरी कशी केलीत? पोरांच्या भाकऱ्या चुलीवर चिरतात.

उरमोडीकाठ :

काकू आमच्यापण पहिल्या तीन चिरल्या. 🙏 मग आबांच्या घरनं मावशी आल्या कालवण द्यायला, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "गार पान्यात मळलंय व्हय?" ज्वारीला चिकटपणा नसतो त्यामुळं पीठ उकळत्या पाण्यात थोडं उकडून घ्यायचं, मग तळहातानं रगडून रगडून मळायचं, एकावेळी एकाच भाकरीपुरतं. थापताना कडेनं बोटं फिरवत जायचं. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला लगेच पाण्याचा हात, पाणी सुकत आलं की उलटायची, आणि शेवटी तवा उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी धरायची. मावशींच्या हातची अशी टम्म फुगली की आम्ही चौघं गप्प. नंतर मला दोन जमल्या.

चूलवाली :

बरोबर शिकवलंय तिनं. वांग्याला टोचे मारलेत का? नाहीतर फुटतं.

उरमोडीकाठ :

हो, सुरीनं चार ठिकाणी टोचून, तेलाचा हात लावून निखाऱ्यात. वांगी मित्र सांगलीहून घेऊन आला होता, कृष्णाकाठची, त्यांची साल पातळ आणि आत बी कमी. ठेचा तव्यावरच, मिरच्या लसूण शेंगदाणे तेलात परतून मीठ घालून तांब्याच्या बुडानं रगडला, खलबत्ता न्यायची काही गरज नाही. पिठलं मात्र गॅसवर केलं, एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं म्हणजे अंधारात गुठळ्या होत नाहीत.

भांडी राखेनं घासली, साबण न्यायचाच नाही. धुणं पाण्याच्या काठावर नाही, पाणी वर आणून बांधाआड. ते पाणी खाली लोक पितात.

रानवाटेवरची :

बायकांसाठी कुणीतरी लिहा म्हणून मीच लिहिते. आम्ही पाच मैत्रिणी वर्षातून दोनदा जातो, वाई आणि जावळीकडं. गावात आधी ज्या घरात बाई माणूस दिसेल तिथं जातो, मावशींशी बोलतो, जागा त्यांच्या हाकेच्या अंतरावर घेतो. त्यामुळं रात्री कुणी येऊन त्रास दिलाय असं एकदाही झालं नाही, उलट दोनदा मावशी स्वतःच कंदील घेऊन बघून गेल्या.

दुसरं म्हणजे संडास. पाण्यापासून निदान शंभर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, वर मातीनं बुजवायचा. टिश्यू आणि पॅड खड्ड्यात नाही, वेगळ्या पिशवीत घालून घरी. कुत्री उकरतात. यावर कुणी बोलत नाही पण डोंगरातली घाण बरीचशी ह्याचीच आहे.

आणि बूट टेंटच्या आत ठेवा, सकाळी झटकून घाला. कातळाच्या भागात फुरसं आणि विंचू दोन्ही असतात.

पाटणखोरं :

हा प्रतिसाद सगळ्यात महत्त्वाचा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मिरजेचा_तंबोरा :

कॉफी राहिली की हो! शीर्षकात आहे म्हणून वाट बघतोय. मी मोका पॉट (स्टोव्हवर ठेवून कॉफी करायचं छोटं भांडं) घ्यावा का नको या विचारात आहे, आणि गॅस सकाळी नीट पेटत नाही त्याचं काय करायचं?

उरमोडीकाठ :

हो हो, आता निवांत लिहितो.

माझ्याकडं मोका पॉट आहे, घरी वापरतो, डोंगरात नेत नाही. छोट्या स्टोव्हवर तो डगमगतो, आणि नंतर ती गाळणी, रबर, सगळं धुवायला पाणी लागतं. साऊथचा फिल्टर रात्री लावून ठेवला तर सकाळी छान डिकॉक्शन मिळतं, पण ते गार, आणि दूध न्यायला लागतं. मला पहाटे गरम गरम काळी पाहिजे असते. त्यामुळं पातेलंच.

कॉफी चिकमगळूरची, बिया नेल्या होत्या, हाताच्या ग्राईंडरवर तिथंच दळली. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) नसलेली घ्या, चिकोरीनं दाटपणा आणि रंग येतो, दुधाच्या कॉफीला ती मस्तच, पण पातेल्यातल्या काळ्या कॉफीत कडवट गोड पडते. दळायची जाड, जाड रव्यासारखी. बारीक दळली तर तळाला बसत नाही आणि दातात येते. चौघांना ६०० मिली पाणी आणि ४० ग्रॅम कॉफी, म्हणजे एक भाग कॉफीला पंधरा भाग पाणी. वजनकाटा न्यायला नको, घरी मोजून पुड्या बांधायच्या.

पाणी चांगलं उकळून गॅस बंद. हे महत्त्वाचं, कॉफी घातल्यावर उकळायचं नाही, नाहीतर काढा होतो. अर्धा मिनिट थांबून कॉफी घालायची, एकदा ढवळायची, झाकण ठेवायचं आणि चार मिनिटं हात लावायचा नाही. झाकण काढलं की वर तपकिरी साय आल्यासारखा थर असतो, त्यावर फेस. चमच्यानं तो थर हळूच मोडायचा, वास तिथं सुटतो. मग दोन चमचे गार पाणी वरनं शिंपडायचं, चोथा तळाला जायला मदत होते. अजून दोन मिनिटं. मग पातेलं न हलवता एका कडेनं ओतायचं आणि शेवटचा घोटभर पातेल्यातच सोडायचा. एवढंच.

एक गंमत सांगतो, उंची वाढली की पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश. सड्यावर ११००-१२०० मीटरला ते ९६ च्या आसपासच उकळतं, आणि कॉफीला ९० ते ९६ अंशच चांगलं मानतात. म्हणजे वर थांबायचीपण गरज नाही, गॅस बंद केला की लगेच घाला. डाळीला मात्र तेच नडतं, म्हणून वर वरण शिजत नाही लवकर, मूगडाळीची खिचडी करा आणि डाळ संध्याकाळपासून भिजवा.

गॅसचं म्हणाल तर साध्या कॅनिस्टरमधे ब्यूटेन असतो, तो शून्याच्या जरा खालीच वायू होतो, त्यामुळं ८-१० अंशाच्या पहाटे प्रेशर पडतं, आणि वापरताना कॅन अजून गार पडत जातो. मी कॅन रात्री झोपताना स्लीपिंग बॅगेत पायाशी घेतो, सकाळी भपकन पेटतो. पण कॅनवर बसणारा स्टोव्ह असेल तर वाऱ्यासाठी चारी बाजूनं पत्रा लावू नका, उष्णता आत कोंडून कॅन फुटू शकतो. एकाच बाजूनं आडोसा. आणि कितीही थंडी असू दे, टेंटच्या आत स्टोव्ह नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

डोंगरात_रात्र :

कॉफीचा चोथा कुठं टाकलात?

उरमोडीकाठ :

पिशवीत घालून घरी आणला, कुंडीत घातला.

कासची_पायवाट :

पिण्याचं पाणी गावातनं घेतलं का धरणातलं?

उरमोडीकाठ :

प्यायचं आबांच्या घरचं. धरणाचं फक्त भांड्याला. लागलंच तर फडक्यानं गाळून, खळखळून एक मिनिट उकळून घ्यावं. पण वरच्या रानात खतं, फवारे असतील तर उकळून ते जात नाहीत, त्यामुळं शक्यतो गावातलंच.

शेतातला :

आबांना कॉफी दिली का नाही?

उरमोडीकाठ :

दिली की. साडेसहाला आबा स्वतःच आले, मफलर गुंडाळून, विझवलेल्या चुलीत आधी हात घालून बघितला. काही बोलले नाहीत, मान हलवली. मग बांधावर बसले. काळी कॉफी बशीत ओतून प्यायले, पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं आणि कनवटीतनं गुळाचा खडा काढला. आम्हालापण एकेक दिला. गूळ तोंडात धरून वरनं कॉफी, मी आता घरीपण तशीच पितोय. निघताना पैसे देऊ केले तर घेईनात, लाकडाचे तेवढे घेतले. मग भडंगचा पुडा होता तो मावशींकडं दिला. आबा म्हणाले, "तरवा भाजायच्या टायमाला या, बगाय." एप्रिलात जाणार आहे, त्यांच्यासाठी वेगळी पुडी बांधून.

मिरजेचा_तंबोरा :

एप्रिलात जाताना सांगा, मी वांगी आणतो. आणि मोका पॉट कॅन्सल, पातेलं आहे घरात.

चूलवाली :

पातेलं जाड बुडाचं घे रे बाबा, आणि झाकण त्याच मापाचं.